परत देता न आलेले लुगडे

नेमके दिनांक माझ्या पत्रव्यवहारात आहेत. येथे वाचकांच्या सोयीसाठी मी ते प्रसंगाने सांगतो, आणि प्रत्येकापुढे मी कोणाला जबाबदार धरतो तेही.

एप्रिलच्या भीमजयंतीनंतरचा पहिला सोमवार. विहाराच्या माडीवरील संगणक सुरू झाला नाही. जबाबदार कोणी नाही. यंत्रालाही वय असते.

त्याच आठवड्याचा शुक्रवार. आमच्या संग्रहाचे सॉफ्टवेअर ज्या कंपनीने पुरवले, तिच्या नागपुरातल्या सदर भागातील कार्यालयाने फोनवर सांगितले की, माहितीची प्रत सुरक्षित आहे, नवा संगणक घ्या, अर्ध्या तासात सारे पूर्ववत करून देऊ. जबाबदार: हे वाक्य उच्चारणाऱ्या व्यवस्थापक बाई.

बुद्धपौर्णिमेच्या आधीचा शनिवार. नवा संगणक आला. तो अर्धा तास मात्र आला नाही. जबाबदार: त्याच.

मृग लागल्यानंतरचा गुरुवार. सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रयत्न फसला. जबाबदार: बसवणारा कारागीर नव्हे. त्याच्या हाती जुनी डिस्क देऊन त्याला ज्यांनी पाठवले, ते.

आषाढी पौर्णिमेनंतरचा बुधवार. कंपनीच्या संकेतस्थळावर आमच्या तक्रारीपुढे 'निराकरण झाले' असा शेरा पडला. जबाबदार: अज्ञात. पण तो मनुष्यच असला पाहिजे. यंत्र इतके सराईत खोटे बोलत नाही.

पोळ्याचा आदला दिवस. कुहीकडून आलेली एक बाई रिकाम्या हाताने परत गेली. जबाबदार: वरील सर्व. कागदोपत्री मात्र मी एकटा, कारण पावतीवर सही माझी आहे.

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात माझी नोकरी झाली आणि अधीक्षक म्हणून मी निवृत्त झालो. वस्तीतले लोक मला वकीलसाहेब म्हणतात ते अर्धे आदराने आणि अर्धे टोमणा म्हणून. कारण नळाला पाणी आले नाही तरी मी अर्ज लिहितो आणि अर्जाखाली प्रतिलिपी कोणाकोणाला, तेही लिहितो. या सवयीची मला लाज नाही. आमच्या लोकांना जे मिळाले त्यातले पुष्कळसे लिहिल्यामुळे मिळाले.

विहाराच्या माडीवर आमचा एक लहानसा संग्रह आहे. छप्पन साली ज्यांच्या आईवडिलांनी नागपुरात येऊन दीक्षा घेतली, त्यांच्या घरात त्या दिवसाचे काही ना काही उरलेले असते. कोणाकडे पायी येताना सोबत आणलेला पितळी गडवा, कोणाकडे कंदील, कोणाकडे घडी पडून चिरलेले छायाचित्र. पण सर्वांत जास्त आहेत ते कपडे. त्या दिवशी पांढरे नेसून यायचे होते. ज्यांच्याकडे पांढरे नव्हते त्यांनी मागून आणले, ज्यांना मागता आले नाही त्यांनी रंगीत कापड उकळून उकळून फिके केले. ती लुगडी आणि ती धोतरे घरोघरच्या पेट्यांत होती. पावसाळ्यात छपरे गळत, उंदीर कुरतडत. म्हणून लोकांनी ती विहारात आणून दिली.

दान म्हणून नव्हे, हे येथे स्पष्ट करतो. दानाचा मसुदा समितीपुढे आला तेव्हा मी हरकत घेतली. आईचे लुगडे कोणी कोणाला दान देत नाही. ते सांभाळायला देतो. कायद्यात याला निक्षेप म्हणतात: वस्तू माझ्या ताब्यात, मालकी तुमची, आणि तुम्ही मागाल तेव्हा ती परत करणे माझे कर्तव्य. म्हणून प्रत्येक पावतीवर मी एक ओळ छापून घेतली, 'मागताक्षणी परत', आणि त्याखाली सही केली. पावतीवर वस्तूचे वर्णन इतकेच: सुती पांढरे लुगडे, एक.

आता जे सांगतो ते बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आरंभी प्रत्येक कपड्याला घरच्यांनी चिंधी टाचलेली होती आणि तिच्यावर नाव होते. संग्रह लोकांना दाखवायला लागलो आणि आठवड्याभरात कुरबुर सुरू झाली. अमक्याचे लुगडे काचेच्या कपाटात आणि आमचे ट्रंकेत का? त्यांचा मुलगा अधिकारी आहे म्हणून का? एका पाहुण्याने तर चिंध्या वाचत वाचत, आडनावे जुळवत, कोण कुठले असतील याचा मोठ्याने अंदाज बांधला. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय सरकते, ते मी उभ्या नोकरीत पाहिले होते. ते आमच्याच माडीवर पाहावे लागावे?

समितीची सभा झाली. ठराव एकमताने झाला की कोणत्याही वस्तूवर कोणाचेही नाव राहणार नाही. वस्तूवर फक्त क्रमांक. नाव संगणकात, कुलपाआड. त्याच सुमारास एका सरकारी योजनेतून संग्रह-व्यवस्थापनाचे ते सॉफ्टवेअर आले होते, आणि त्यात अशी सोय होती. महिला मंडळाच्या बायकांनी ब्लेडने एकेक टाका उसवून चिंध्या काढल्या. कापडाला कुठे ओरखडा पडू दिला नाही. एकाने विचारले, “एक प्रत कागदावर ठेवायची का?” त्यावर दुसरा म्हणाला, “कागद आला का कोणीतरी तो फ्रेम करून भिंतीले लावंन.” सारे हसले आणि कागदाचा विषय संपला.

तो ठराव चुकला, असे मला आजही वाटत नाही. नावावाचून वस्तू मांडता आली पाहिजे आणि ज्याची त्याला परतही देता आली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जमावे म्हणूनच तर ते सॉफ्टवेअर घेतले होते.

नवा संगणक आला त्याच्या पुढल्या आठवड्यात ती बाई जिना चढून वर आली. कुहीच्या पलीकडचे गाव, धानाची थोडी शेती, वय माझ्याहून थोडे अधिक. दीक्षेच्या दिवशी ती आईचा पदर धरून त्या गर्दीत होती, एवढे मला ठाऊक होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने दम घेतला.

“जयभीम गा, वकीलसाहेब. माह्या मायचं लुगडं नेऊन राहिली मी.”

“बसा बाई. काही अडचण झाली का?”

“झाली नाही, होईन आता. डॉक्टर म्हणते तुमचं हृदय थकलं. म्या म्हटलं थकंनच, त्यानं काय बसून खाल्लं का? पण मी गेली का ते लुगडं माह्या अंगावर पायजे. पोरगा आयन टायमाले कुठी हुडकत बसंन? आपलं आपल्या पेटीत असलेलं बरं.”

हे सारे तिने एस.टी.चे वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. मी तिला पाणी दिले आणि म्हणालो, “संगणक नवा आला आहे. त्यात सॉफ्टवेअर बसवायचे आहे. थोडे दिवस थांबा.”

“लुगडं त्या डब्ब्यात ठेवलं काय तुम्ही?”

“नाही. सारी लुगडी आता ट्रंकेत आहेत. त्यातले तुमचे कोणते, ते संगणकात आहे.”

तिने माझ्याकडे पाहिले. “म्हणजे लुगडं माहं अन् वळख त्याची?”

मी तिला सांगितले की पुढच्या खेपेला बांधून ठेवतो. हा शब्द मी दिला तो कंपनीच्या अर्ध्या तासाच्या भरवशावर.

मृगात कंपनीने कारागीर पाठवला. शहरातल्या महाल भागात त्याचे संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. कंपनीची अशी कामे तो बाहेरून घेतो. चाळिशीचा, हसतमुख, तोंडात सतत सुपारी. त्याने डिस्क घातली आणि प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट उमटली, तिचा आशय असा की, आवश्यक तो रनटाइम या संगणकावर आढळला नाही.

“रनटाइम म्हणजे काय?” मी विचारले.

“काका, हा प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याच्या खाली अजून एक प्रोग्रॅम लागते. ठेल्याले चाक लागते ना, तसं.”

“मग चाक लावा.”

“चाक आहे ना. पण मोठं आहे, नवीन. याले जुनं छोटं पायजे.”

“मग जुने बसवा.”

त्याने जुने बसवायला घेतले. पुन्हा चौकट: यापेक्षा नवी आवृत्ती येथे आधीच आहे, म्हणून काम थांबवण्यात येत आहे.

“नवी काढा.”

“ते निघत नाही काका. ते संगणकाच्या अंगातच आहे, हाडावानी.”

“काहून?” माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला.

“आता ते बनवणाऱ्याले विचारा. मी त फक्त बसवणारा.”

न्यायालयात वकीलपत्र दाखल नसेल तर वकील कितीही विद्वान असो, त्याचे कोणी ऐकत नाही, हे मला मान्य आहे. पण तेथे निदान शिरस्तेदार सांगतो की अमुक नमुन्यात, अमुक तिकीट लावून आणा. येथे जे आणा म्हणत होते, तेच आणल्यावर ते आणता येणार नाही असे सांगितले जात होते, आणि सांगणारा पडद्याच्या आड होता. मी त्या चौकटीखालचे 'मान्य' हे बटण दाबायला नकार दिला. मला ते मान्य नव्हते. कारागीर म्हणाला, “काका, दाबा. दुसरं बटणच नाही तिथं.”

तो माणूस भला होता. दोन दिवसांनी त्याने दुकानातला एक जुना संगणक स्कूटरवर पायांत धरून आणला. जुन्याला जुने चाक चालेल, हा त्याचा तर्क. आणि खरोखर चालले. रनटाइम बसला. त्यावर डेटाबेस बसला. त्यावर आमचे सॉफ्टवेअर बसले, आणि पडद्यावर आमच्या संग्रहाचे ओळखीचे निळे पान उघडले. संकेतशब्द विचारला. मी तो टाकला. त्या बाईचे नाव, तिच्या आईचे नाव, क्रमांक, सारे त्या एका पानाच्या मागे होते.

चौकट आली: हा परवाना दुसऱ्या संगणकास दिलेला आहे.

“कोणत्या दुसऱ्या?” मी विचारले.

“तो मेला ना, त्याले,” कारागीर म्हणाला.

मी सदरला गेलो. वातानुकूलित खोली, काचेचे दार, व्यवस्थापक बाई अत्यंत सौजन्यशील. त्यांनी चहा मागवला. मी चहा घेतला नाही. वादीने प्रतिवादीकडे चहा घेऊ नये, असे मी मानतो.

“सर, ती आवृत्ती आता बंद झाली. तिचे परवाने आम्ही देत नाही. तुम्ही नवीन ऑनलाइन आवृत्तीवर या. तिला रनटाइम वगैरे काहीच लागत नाही.”

“आणि आमची माहिती?”

“ती सहज येते, सर. जुन्या आवृत्तीतून एक्स्पोर्ट करायची, नवीनमध्ये इम्पोर्ट करायची.”

“जुनी आवृत्ती सुरू होत नाही.”

“हो सर. ती सुरू असणं आवश्यक आहे.”

“ती सुरू करण्यासाठी परवाना आवश्यक आहे, जो आपण देत नाही.”

“ती आवृत्ती बंद झाली ना, सर.”

त्यांनाही ते वर्तुळ दिसले असावे, कारण त्यांनी पेन खाली ठेवले. मग त्या म्हणाल्या, “सर, तुमच्याकडे मूळ यादी असेल ना? त्यावरून आमची टीम परत भरून देईल.”

“मूळ यादी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.”

“ती फाइल मी उघडू शकत नाही, सर. नावं लॉक केलेली आहेत. तुमच्याच समितीने तसं मागितलं होतं.”

“हे सारे मला लिहून द्या.”

“लिहून द्यायची पॉलिसी नाही, सर. पण प्रयत्न चालू आहेत.”

मग मी लिहिले. नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह. कंपनीस, तिच्या मुख्य कार्यालयास, ज्या योजनेतून सॉफ्टवेअर मिळाले तिच्या कक्षास. पोचपावत्या सर्व आल्या. गुलाबी कार्डे, गोल शिक्के. उत्तर एकही आले नाही. आषाढीनंतर संकेतस्थळावर तो शेरा पडला. निराकरण झाले. मी पुन्हा तक्रार केली की निराकरण झालेले नाही. संकेतस्थळाने कळवले की या विषयावरील तक्रारीचे निराकरण आधीच झालेले असल्यामुळे नवी तक्रार नोंदवता येत नाही.

नोकरीत असताना मी लोकांना तारखा देत असे. पक्षकार वैतागून बोलायचे आणि मी त्यांना नियम दाखवायचो. नियम दाखवता येणे हीच माझी ताकद होती. आता दाखवायला नियम होता, पावती होती, कायदा माझ्या विरुद्ध आणि त्या बाईच्या बाजूने अगदी स्वच्छ होता, आणि त्याची अंमलबजावणी करायला मी स्वतः तयार असूनही ती होत नव्हती. आपल्याच विरुद्धचा हुकूमनामा पाळायची इच्छा असावी आणि पाळता येऊ नये, अशी स्थिती मी कोणत्याही प्रकरणात पाहिली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती परत आली. या वेळी जिन्यात दोनदा बसली. पायांवर सूज होती. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “नाही जमलं ना? तुमच्या तोंडावरच लिहून आहे. काढा टरंक. मीच पाहतो कोणतं माहं ते.”

मी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. प्रत्येक घडी मलमलीत बांधलेली, वर क्रमांकाची पट्टी. मी एकेक सोडून सतरंजीवर ठेवत गेलो. सारी पांढरी. कोणते पिवळट, कोणते निळसर, पण पांढरीच. तिने चष्मा पुसला.

“माह्या मायच्या लुगड्याचा एक कोपरा फाडेल आहे,” ती म्हणाली. “गर्दीत माह्या पायाले काच लागला होता. मायनं पदराची पट्टी फाडली अन् बांधली. नवं लुगडं होतं, लोकाचं मागून आणेल. मंग ते वापस कसं देणार? त्याच्यासाठी माय दोन हंगाम त्यायच्या धानाच्या बांधीत रोवणीले गेली.”

मला हायसे वाटले. फाटका कोपरा ही निशाणी पुरेशी होती. मी पदर उलगडून पाहू लागलो. एकाचा कोपरा फाटलेला निघाला. तिने ते मांडीवर घेतले, बोट फिरवले आणि मान हलवली. “हेच.” मी नियमाप्रमाणे उरलेली तपासली. शेवटून तिसऱ्याचाही कोपरा फाटलेला होता. तशीच पट्टी, तितकीच रुंद.

तिने दुसरे मांडीवर घेतले. बराच वेळ पाहिले. “हे असंन,” ती म्हणाली. मग पहिले पुन्हा ओढले. “नाही गा. काठ असा होता. का असा?”

मी म्हणालो, “बाई, नक्की असेल तर आपण एक प्रतिज्ञापत्र करू. तुम्ही शपथेवर सांगा, मी लगेच देतो.”

“मायचं लुगडं वळखाले इस्टामपेपर लागते काय?”

“तुम्हाला नाही लागत. मला लागतो. हे दुसऱ्या कोणाचे असेल आणि उद्या ते पावती घेऊन आले तर?”

“चांगला आहे तुमचा कायदा. जे माहं आहे ते मले देता येत नाही, अन् ज्याचं आहे त्याचं नाव सांगता येत नाही.” आणि ती हसली. त्या हसण्यात राग असता तर मला सोपे गेले असते.

मी ट्रंकेचे झाकण धरून उभा होतो. मग जे मी उभ्या जन्मात केले नाही ते केले. मी म्हणालो, “दोन्ही घेऊन जा. मी पाहतो पुढचे.”

तिने दोन्ही लुगडी दोन हातांवर उचलली. माझे मन म्हणत होते की आता तिने जावे, लवकर जावे, माझा विचार बदलायच्या आत. तिने ती खाली ठेवली. घडी नीट केली. म्हणाली, “एक माह्या मायचं अन् एक दुसरीच्या मायचं. त्या दुसरीची पोरगी जित्ती असंन त? माह्यासंगं तिच्या मायचं लुगडं जाळता का? राहू द्या. बरोबर पाहून ठेवा. पण लवकर पाहा गा, वकीलसाहेब. मले तारखा देऊ नका.”

मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती बैलाच्या शिंगांना लावायच्या रंगाचा भाव विचारत होती.

त्यानंतर मी घरोघर फिरलो. ज्यांची नावे मला आठवत होती त्यांच्याकडे. काही घरे शहराच्या टोकाला बेलतरोडीकडे गेली, काही पुण्याला, काहींना कुलूप. एका म्हातारीला विचारले की तुमच्या आईच्या लुगड्याचा कोपरा फाटका होता का. ती म्हणाली, “फाटकाच असंन बाप्पा. तव्हा कोणाचं धड होतं?” दुसरे घर म्हणाले, आमचे तर कपाटात पाहिले होते ना? तेही मला सांगता आले नाही. दोन्ही लुगडी मी एका वेगळ्या पेटीत ठेवली आहेत. पेटीवर काय लिहावे, हे न सुचल्याने ती कोरी आहे.

मागच्या आठवड्यात तिच्या मुलाचा फोन आला. आई मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती आहे, शुद्धीवर आहे, आणि विचारते आहे की सापडले का. मी त्याला म्हणालो की प्रयत्न चालू आहेत. फोन ठेवल्यावर मला कळले की हे वाक्य मी सदरच्या त्या कार्यालयातून उचलले होते.

म्हणून आता पत्र नाही. पत्राचे निराकरण होते. मी हे छापून देत आहे, आणि संबंधित कंपनीच्या व्यवस्थापक बाईंकडे, त्यांच्या वरिष्ठांकडे, आणि 'निराकरण झाले' असे ज्याने लिहिले त्या अज्ञात व्यक्तीकडे जाहीर मागणी करत आहे. येत्या पौर्णिमेला आमच्या विहाराच्या सभागृहात, ज्यांच्या वस्तू आमच्याकडे आहेत त्या सर्व कुटुंबांसमोर, आपण यावे. मृत संगणकाचा परवाना जिवंत संगणकाला का देता येत नाही, हे माईकवर सांगावे. ती बाई येण्याच्या स्थितीत असेल तर पहिल्या रांगेत असेल. नसेल तर तिचा मुलगा फोन तिच्या उजव्या कानाशी धरील, डाव्याने तिला ऐकू येत नाही. आपण उत्तर तिला द्यायचे आहे, मला नव्हे. मराठीत द्यावे, मोठ्याने द्यावे, आणि त्या दोहोंपैकी तिच्या आईचे कोणते, याने त्या उत्तराची सुरुवात व्हावी.